वाळूमासा आणि नळाचे पाणी

मित्रांनो, माझ्या नावात मासा आहे, पण मी जिवंत होतो तोवर साठलेले पाणी म्हणून कधी पाहिले नाही. मी मासा नाहीच मुळी. तुमच्याकडे दगडांच्या सांदीत जी गुळगुळीत सापसुरळी दिसते ना, तिच्या नात्यातला मी. फरक एवढाच, की मी वाळूच्या आत पोहत असे. माझे तोंड पाचरीसारखे निमुळते आहे. खालचा जबडा वरच्याच्या आत बसतो, म्हणून वाळू तोंडात जात नाही. अंगावरचे खवले काचेसारखे घासलेले. धावता धावता मी तोंड खाली घातले आणि पाय अंगाशी मिटले, की दुसऱ्या क्षणी वर फक्त एक सुरकुती उरायची. मग तीही वारा पुसून टाकायचा.

आता मी फार जुना झालो आहे. काचेच्या बरणीत, पिवळ्या पडलेल्या स्पिरिटमध्ये, नुवारा नावाच्या एका बाईच्या खिडकीत मी उभा असतो. माझी गोष्ट खरे तर तिच्या वडिलांची गोष्ट आहे. ती सांगायला आता माझ्याशिवाय फारसे कोणी उरलेले नाही, म्हणून मी सांगतो.

माझा जन्म अल्जीरियातल्या सूफच्या वाळूत, हफ्नावीच्या घूताच्या काठावर झाला. घूत म्हणजे खजुराची बाग, पण ती खड्ड्यात असते. सूफची जुनी माणसे झाडाला पाणी घालत नसत, झाडालाच पाण्याजवळ नेत. वाळूत कढईसारखा मोठा खड्डा खणायचा, आणि तळाशी खजूर लावायचा, म्हणजे मुळे आपोआप खालच्या ओलीला लागतात. हफ्नावीचा घूत त्याच्या बापाने खणला होता. वर काठावर उभे राहिले, की झाडांचे शेंडे माणसाच्या पायाशी यायचे.

पण खणून काम संपत नसे. वारा रोज वाळू आत ढकलायचा. हफ्नावी रोज पहाटे पाटी घेऊन खाली उतरायचा, वाळू भरायचा, खांद्यावर घ्यायचा आणि उतारावरून वर आणून काठापलीकडे टाकायचा. त्याच्या पावलांचा दाब मला वाळूत खोलवर कळायचा. त्याची पाठ त्या कामाने वाकली होती, आणि सपाट रस्त्यावरसुद्धा तो चढणीवर असल्यासारखा चालायचा.

शेजारच्या घूताचा तिजानी वरून ओरडायचा, “हफ्नावी, तुझं आणि वाऱ्याचं लग्न लागलंय का रे? रोज भांडता आणि रोज एकत्र!”

“भांडतो,” हफ्नावी खालून म्हणायचा, “पण सोडचिठ्ठी काही देत नाही.”

मग दोघे हसायचे आणि पुन्हा पाट्या उचलायचे. तिजानीचीही पाठ तशीच वाकलेली होती. परका माणूस त्यांना सख्खे भाऊ समजायचा. नाते मात्र काहीच नव्हते. एकाचे घराणे पूर्वेकडून आलेले, दुसऱ्याचे दक्षिणेकडून.

हफ्नावीला एकच मूल, नुवारा. तिचा हात फार चपळ होता. मी वाळूत शिरलो, की वरची माणसे जिथे मी शिरलो तिथे झडप घालायची आणि मूठभर वाळू घेऊन उठायची. नुवारा मी जिथे पोहोचणार तिथे हात खुपसायची. एका सकाळी मी असा तिच्या मुठीत सापडलो. ह्यात नवल काही नाही. सूफमध्ये आम्हाला खातात. मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात, कुसकुसबरोबर वाढतात. माझी कितीतरी भावंडे त्या वाटेने गेली.

नुवाराची आई तब्र चुलीपाशी बसली होती. “आण इकडे,” ती म्हणाली, “पोट फाडून देते.”

“ह्याला नको, यम्मा. उस्तादांनी शाळेत जिवंत प्राणी आणायला सांगितलाय.”

“उस्ताद खाणार आहेत?”

“खाणार नाहीत. शिकवणार आहेत.”

“काय बाई उत्तरेकडची माणसं!” तब्र म्हणाली. “खायच्या वस्तूला शिकवत बसतात.”

दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यातून मी शाळेत गेलो.

उस्ताद अझ्झेदीन डोंगराळ उत्तरेतून बदली होऊन आलेला तरुण शिक्षक होता. उन्हाने त्याचे नाक कायम सोललेले असायचे. त्याने मला टेबलावर वाळूच्या परातीत ठेवले आणि मुलांना विचारले, “हा कोण?”

“मासा!” सगळा वर्ग ओरडला.

“पाण्यात सोडला तर?”

“बुडेल,” नुवारा म्हणाली.

“मग मासा कसा?”

“दिसतो तसा, उस्ताद.”

उस्ताद खुश झाला. त्याने भिंतीवर दोन चित्रे लावली. एक शार्क, एक डॉल्फिन. दोघांचा आकार एकच, पाठीवर तसाच पर, तशीच शेपटी. “ह्यातला एक मासा आहे,” तो म्हणाला. “दुसरी पिलाला दूध पाजते, वर येऊन श्वास घेते. नातं बघायला गेलात तर ही डॉल्फिन त्या माशापेक्षा आपल्या उंटाला जवळची आहे.”

मुले इतकी हसली, की माझी परात हलली. “उस्ताद, मग तिला वशिंड कुठंय?”

“समुद्रात वशिंड घेऊन कुठे जाईल ती?” उस्तादही हसला. मग त्याने आणखी दोन चित्रे काढली. एक होता आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या वाळवंटातला सरडा. माझ्या कुळातला नाही, पण तोंड फावड्यासारखे, पायाच्या बोटांना माझ्यासारखीच झालर. दुसरा प्राणी तर केसाळ, उंदराएवढा आणि पूर्ण आंधळा. तोही तिकडच्या वाळूत पोहतो. “ह्यांच्यापैकी कोणी कोणाला पाहिलेलं नाही,” उस्ताद म्हणाला. “कोणी कोणाकडून शिकलेलं नाही. वाळू सगळीकडे तीच आहे, म्हणून तिच्यात जगणाऱ्यांची शरीरं तशीच झाली.”

“म्हणजे त्यांनी जुळवून घेतलं,” पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

उस्ताद म्हणाला, “आपण तसं म्हणतो खरं. पण जुळवून कोणीच घेत नाही. ज्यांचं तोंड बोथट होतं ते उन्हात सापडले आणि मेले. ज्यांच्या नाकात वाळू शिरली ते गुदमरून मेले. पिढ्यानपिढ्या मेले. जे उरले त्यांचं तोंड असं.”

“मेलेल्यांची चित्रं नाहीत, उस्ताद?” नुवाराने विचारले.

“त्यांची चित्रं कोण काढणार?” उस्ताद म्हणाला आणि फळा पुसू लागला.

मित्रांनो, जगाच्या दुसऱ्या टोकाला माझेच तोंड घेऊन कोणी परका हिंडतो आहे, हे मला त्या दिवशी कळले. मला बरे वाटले. तास संपल्यावर उस्तादाने मला बरणीत घातले आणि वरून स्पिरिट ओतले. मी सवयीने खाली बुडी मारली. तळाशी काच होती.

त्यानंतरची काही वर्षे माझ्या मानाची होती. दरवर्षी नवी मुले यायची, मला मासा म्हणायची, उस्ताद त्यांना चूक दाखवायचा. नुवारा वरच्या वर्गात गेली, तरी माझी बरणी पुसायला यायची. “तू उत्तरेला जायचंस,” उस्ताद तिला म्हणायचा, “विद्यापीठात. प्राणी शिकायचे.” त्या दिवशी बरणी जरा जास्तच लखलखीत व्हायची.

ह्याच काळात गावात नळ आले. पुष्कळ खोल, दगडाच्याही खालून, यंत्राने पाणी वर काढले आणि घराघरात सोडले. ते पाणी गरम यायचे आणि कधी संपायचे नाही. नुवाराने वर्गात सांगितले, की तिच्या आईने नळ सुटताना आमच्याकडे बायका लग्नात जीभ हलवून घालतात तशी किलकारी घातली आणि बाबांनी पहिले भांडे भरून स्वतः न पिता आईच्या हातात दिले. गटारे मात्र कोणी बांधली नाहीत. प्रत्येकाने अंगणात शोषखड्डा खणला. वाळूच ती, कितीही ओता, पिऊन टाकते.

मग उस्तादाची बदली झाली. जायच्या आधी तो मला कापडात गुंडाळून हफ्नावीच्या घरी निरोप घ्यायला आला. “शाळेत आता ह्याला कोणी बघणार नाही,” तो नुवाराला म्हणाला. “तू पकडलास, तूच सांभाळ.” अशा रीतीने मी ह्या खिडकीत आलो. इथून एका बाजूला गल्ली दिसते, दुसऱ्या बाजूला अंगण, जुनी विहीर, नळ आणि शोषखड्ड्याचे झाकण.

हफ्नावी पाहुण्याला मोठ्या आनंदाने घूत दाखवायला घेऊन गेला. परत आले तेव्हा उस्तादाचे बूट चिखलाने भरले होते. सूफमध्ये चिखल! तब्र हसत सुटली. उस्ताद हसला नाही.

चहा झाला. हफ्नावी म्हणाला, “उस्ताद, गप्प का? तळाला पाणी दिसायला लागलंय, हे तर चांगलंच नाही का? माझ्या बापाने पाण्यासाठीच तर खणलं होतं.”

“मुळांना पाणी लागतं, काका,” उस्ताद म्हणाला, “पण श्वासही लागतो. पाण्यात बुडलेलं मूळ कुजतं.”

“पण हे पाणी आलं कुठून? पाऊस तर नाही.”

उस्तादाने अंगणाकडे पाहिले. तब्र नळाखाली चहाचे पेले विसळत होती. फेसाळ पाणी खड्ड्याकडे पळत होते. “तिथून,” तो हळूच म्हणाला. “खोल तळातलं पाणी आपण वर आणतो आणि वरच ओततो. ते परत इतक्या खोल जाऊ शकत नाही. मधे कठीण थर आहे. मग ते साठतं, वर चढतं. आणि गावात सगळ्यात खोल काय आहे?”

हफ्नावीने पेला खाली ठेवला. नळ बंद झाल्याचा आवाज आला. तब्रनेही ऐकले होते.

“उस्ताद,” नुवाराने विचारले, “वाळूमाशाचं तोंड असं व्हायला किती पिढ्या लागल्या?”

“हजारो. जास्तच.”

“आमच्याकडे बाबा आहेत आणि मी.”

मग तिनेच धीर केला. “पण हाच प्रश्न आणखी कुठेतरी पडला असेल ना? दुसऱ्या कुठल्या वाळवंटात? तिकडच्या माणसांनी काय केलं, ते तरी कळेल?”

“विचारतो,” उस्ताद म्हणाला. “कळवतो नक्की.”

तो गेला. ती देशाची वाईट वर्षे होती. उत्तरेकडच्या रस्त्यांवर बस थांबवून माणसे मारली जात होती. उस्तादाकडून काहीच कळले नाही. त्याचे काय झाले तेही कळले नाही. नुवारा पुष्कळ दिवस गल्लीच्या तोंडाकडे बघायची. नंतर तिने ते सोडले.

उस्ताद गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी हफ्नावीने नळाला तार गुंडाळली. घट्ट, पकडीने पिळून.

“अहो, हे काय?” तब्र धावत आली. “साऱ्या गल्लीत नळ वाहतोय, आणि मी ह्या वयात पोहऱ्याने पाणी ओढू? लोक हसतील.”

“हसू देत.”

“लोकांच्या हसण्याने झाडं वाचणार आहेत का?”

“आपल्या पाण्याने मरणार नाहीत,” हफ्नावी म्हणाला. “एवढं तरी.”

मग तो दारोदार हिंडला. मी खिडकीतून बघत होतो. तो प्रत्येक दारात सलाम करायचा, आत यायला नको म्हणायचा, आणि उभ्यानेच समजावून सांगायचा. खोल पाणी, कठीण थर, खड्डा. त्याला नीट सांगता येत नसे. हाताने वर-खाली करून दाखवायचा. तरुण मुले मागून त्याच्या हातांची नक्कल करायची. कोणी म्हणायचे, “काका, ऊन लागलंय तुम्हाला.” कोणी म्हणायचे, “सरकारला सांगा.” तो सरकारकडेही गेला. तिथल्या माणसाने त्याला थंड पाणी पाजले, आणि गटारांचे काम होणार आहे असे सांगून परत पाठवले.

तिजानीचे दार आमच्या समोरच. त्या दिवशीचे बोलणे मी शब्दन् शब्द ऐकले.

“तुझ्याही घूतात पाणी चढतंय, तिजानी.”

“चढतंय. दिसतंय मला.”

“मग नळ बंद कर ना. तू केलास तर आणखी चार जण करतील.”

“हफ्नावी,” तिजानी म्हणाला, “आत माझी सून बाळंतीण आहे. तिला काय वाळूने न्हाऊ घालू?”

हफ्नावी म्हणाला, “मुलगा झाला की मुलगी?”

“मुलगी.”

“अल्ला तिला आयुष्य देवो,” तो म्हणाला आणि घरी आला.

त्यानंतर तो कोणाच्या दारात गेला नाही. मात्र नमाजाच्या आधी हाततोंडही तो वाळूनेच पुसू लागला. प्रवासात पाणी नसले, की वाळवंटातली माणसे करतात तसे. इमाम स्वतः घरी आला. म्हातारा, मायाळू माणूस होता. “हफ्नावी, बाळा,” तो म्हणाला, “पाणी नसेल तर वाळू चालते. तुझ्या अंगणात पाणी आहे.”

“त्याचंच तर दुःख आहे, सीदी,” हफ्नावी म्हणाला.

इमाम त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला. जाताना त्याने त्या तारेकडे पाहिले.

पाणी चढतच राहिले. पाटीने वाळू नेता येते, पाणी नेता येत नाही. हफ्नावीने तेही करून पाहिले. बादल्या भरभरून तो काठापलीकडे ओतायचा, आणि ते झिरपून पुन्हा खाली यायचे. झाडांचे मधले कोंब पिवळे पडले. खजूर पिकायच्या आधीच गळून पाण्यावर तरंगू लागले. घूतातून कुजका वास येऊ लागला. डास आले. सूफमध्ये कोणी कधी ऐकला नव्हता असा आवाज एका संध्याकाळी आला. तब्र दचकून म्हणाली, “हे काय ओरडतंय?” नुवाराने पुस्तकात वाचले होते. “बेडूक, यम्मा,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

माझी जातही तिथून गेली. ओल्या वाळूत आम्हाला पोहता येत नाही. ती अंगाला चिकटते, घट्ट होते. काठावरचे वाळूमासे आधी वर सरकले. वर घरे होती, सिमेंट होते. नंतर ते दिसेनासे झाले. कोणाच्या लक्षातही आले नाही. तब्रने एकदा नुसते म्हटले, “ह्या वर्षी वाळूमासा खाल्लाच नाही आपण.”

त्याच उन्हाळ्यात नुवारा मोठी परीक्षा पास झाली. उत्तरेच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली. हफ्नावीने पुष्कळ दिवसांनी नवे पागोटे बांधले आणि गल्लीत सगळ्यांना खजूर वाटले. ते बाजारातून आणलेले होते. त्याच्या हातून बाजारचे खजूर घेताना कोणी त्याच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

“मी जात नाही, बाबा,” नुवारा म्हणाली. “रस्ते वाईट आहेत. आणि तुम्ही दोघंच.”

“जा तू. ह्या एका खड्ड्यात सगळ्यांनी कशाला उतरायचं?” मग तो खिडकीपाशी आला. माझ्या बरणीवर त्याने नखाने टकटक केले. “मला फक्त एक काम करायचं आहे. बापाने लावलेल्या पहिल्या झाडाच्या बुडाशी फुटवे आहेत. ते अजून हिरवे आहेत. तेवढे काढून वर कुठेतरी लावतो. मग तुला बसपर्यंत सोडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड आणि दोर घेऊन तो गेला. पुढचे मी पाहिले नाही. तिजानी सांगत आला. हफ्नावी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फुटवे तोडत होता. दोन काढून त्याने काठावर फेकले होते. तिसऱ्यासाठी वाकला आणि वरची भिजलेली वाळूची कड सुटली. काही आवाजही झाला नाही, तिजानी म्हणाला. वाळू आली, तो आडवा होऊन मधल्या खोल पाण्यात ढकलला गेला, आणि पाणी त्याच्यावरून मिटले.

माणसे धावली. काठावर सगळे गाव जमले. मित्रांनो, त्या गावात पोहता येणारा एकही माणूस नव्हता. कोणाला कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी पागोटी एकमेकांना बांधून फेकली. तिजानी गळ्यापर्यंत उतरला आणि त्यालाच ओढून काढावे लागले. शेवटी दुपारी हफ्नावीला काढले आणि दाराच्या फळीवर घालून अंगणात आणले. त्याच्या नाकात आणि तोंडात ओली वाळू भरलेली होती. नुवाराने ती बोटाने काढली. पुष्कळ वेळ काढत होती. बायका तिला उठवायला गेल्या, तर ती म्हणाली, “थांबा, अजून आहे.”

मयताला न्हाऊ घालायचे होते. अंगणातल्या जुन्या विहिरीचे पाणी केव्हाच सडले होते, आणि पिण्यापुरते गावाबाहेरून आणलेले घागरभर पाणी पुरणारे नव्हते. तब्र उठली, नळापाशी गेली आणि तार सोडवू लागली. गंजून ती रुतली होती. तिची बोटे रक्ताळली, पण तिने पकड मागितली नाही आणि कोणी दिली नाही. तार निघाली. पाणी आले, गरम आणि भरपूर. त्या पाण्याने त्यांनी हफ्नावीला न्हाऊ घातले. ते पाणी त्याच्या अंगावरून उतरले, अंगणातून वाहत गेले आणि खड्ड्यात शिरले. खिडकीतून मी ते जाताना पाहिले. सगळ्यांनीच पाहिले.

काही दिवसांनी वरून हुकूम आला, की बुडालेले घूत धोक्याचे आहेत, ते बुजवावेत. यंत्र पाठवतो म्हणाले. नुवारा दारात उभी राहिली. “यंत्र नको,” ती म्हणाली. “आमचं आम्ही बुजवतो.” तिने बापाची पाटी खांद्यावर घेतली. समोरून तिजानी त्याची पाटी घेऊन निघाला. मग आणखी दारे उघडली.

हफ्नावीने जन्मभर जी वाळू वर टाकली होती, तीच त्यांनी पाटीपाटीने खाली ओतली. आधी पाणी झाकले गेले, मग खोडे. शेवटी झावळ्यांचे शेंडे तेवढे वाळूतून वर आलेले दिसत होते. मग तेही झाकले. संध्याकाळी माणसे गल्लीतून परतली तेव्हा मी त्यांना पाहिले. कोणी पूर्वेकडचे, कोणी दक्षिणेकडचे, कोणाचे कोणाशी नाते नाही. सगळ्यांच्या पाठी सारख्या वाकलेल्या, चेहरे सारखे वाळूने माखलेले. त्यातला तिजानी कोणता हे मला ओळखता आले नाही. एकजण आमच्या खिडकीखाली बसला आणि रडू लागला, तेव्हा कळले.

“मी त्याचं ऐकायला हवं होतं, पोरी,” तो म्हणाला.

“ऐकलं असतं तरी काय केलं असतं, काका?” नुवारा म्हणाली. “नातीला न्हाऊ घालायचंच होतं.”

तिने हे सांत्वन म्हणून म्हटले असेल. पण तिजानी त्यानंतर आमच्या दाराशी कधी आला नाही.

नुवारा उत्तरेला गेली नाही. तब्रने अंथरूण धरले. एक वर्ष म्हणता म्हणता दुसरे गेले, मग विद्यापीठातली जागाही गेली. आता ती लग्नाचे कपडे शिवते. तिने काठावरचे ते दोन फुटवे वर, शाळेमागे लावले होते. एक लगेच वाळला. दुसऱ्याला तीन पाने आली, आणि मग तिथे भिंत बांधली. हफ्नावीचा घूत होता तिथे आता घरे आहेत, आणि प्रत्येक घराला नळ आहे. सांडपाण्यासाठी कधीतरी नळ्या घातल्या, तोवर तिजानीचाही घूत गेला होता, आणि त्याच्या पलीकडचेही गेले होते.

माझीही अवस्था बरी नाही. झाकण गंजले आहे. स्पिरिट उडून माझ्या पाठीपर्यंत उतरले आहे, आणि उघड्या पडलेल्या भागाचे खवले पांढरे होऊन सुटतात. मागचा एक पाय निखळून तळाशी पडला आहे. शेजारची मुले कधी खिडकीशी येतात आणि विचारतात, “हे प्लॅस्टिकचं आहे का?” पूर्वी नुवारा त्यांना सगळे सांगायची. वाळू, डॉल्फिन, उंट. आता ती सुईतून दोरा ओवता ओवता म्हणते, “हो, प्लॅस्टिकचंच आहे.” मुले निघून जातात.

मित्रांनो, मी तुमचे गाव पाहिलेले नाही. तुम्हाला नळ बंद करा असे मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही, आणि बाळंतिणीला पाणी लागते हे मी ऐकले आहे. फक्त तुमच्या मोरीतून बाहेर पडलेले पाणी कुठे जाते, एवढे एकदा त्याच्यामागे चालत जाऊन बघा. ते जिथे थांबते, तिथे आधीपासून कोण राहते ते बघा. आणि कोणी वाकलेल्या पाठीचा माणूस दारात येऊन हाताने वर-खाली करत काही सांगू लागला, तर त्याचे हात बघून हसू नका. त्याला आत बोलवा.

आणखी एक. कोणाला सहज म्हणू नका, “जुळवून घे.” माझे हे निमुळते तोंड, ही झालरीची बोटे, हे काचेसारखे अंग घडवायला वाळूला किती जीव मारावे लागले, ते मलाही मोजता येत नाही. तेवढे मरण सोसून आम्ही एका जागेच्या लायकीचे झालो. ती जागा एका माणसाच्या हयातीत नाहीशी झाली. दुसऱ्या टोकाच्या वाळवंटात माझ्या तोंडाचा तो परका अजून असेल, अशी मी आशा करतो. आमच्या काठावर आता कोणी नाही. तुम्ही इथे आलात, तर नुवारा बरणी उजेडात धरून तुम्हाला मला दाखवील. पण मित्रांनो, मला वाळूमासा म्हणू नका. वाळूत पोहतो तो वाळूमासा. मी नुसता त्याचा आकार आहे.